उद्दिष्टात आपलाही वाटा लिहा

नवग्रहांच्या यात्रेला तमिळनाडूत जाणारी मराठी मंडळी राहूच्या दर्शनासाठी तिरुनागेश्वरमला थांबतात. तिथून कुंभकोणम सहा-सात किलोमीटरवर आहे. या कुंभकोणममध्ये 16 जुलै 2004 रोजी श्रीकृष्ण शाळेच्या इमारतीला आग लागली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात पेटलेली आग वरच्या वर्गांवरच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि 94 मुले गेली. बहुतेक सगळी प्राथमिक वर्गांतली. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या, जिना अरुंद होता, बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. शाळेला सरकारी मान्यता होती, म्हणजे कुठल्या तरी कागदावर कुणाची तरी सही होती. पुढे खटला चालला तेव्हा आरोपींमध्ये शाळाचालकांबरोबर शिक्षण खात्याचे अधिकारी आणि कर्मचारीही होते. तंजावरच्या न्यायालयाने 2014 मध्ये त्यांतल्या काहींना शिक्षा सुनावली, काहींना सोडले.

शाळांवर देखरेख करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना माहीत करून घ्यावी. आपल्याकडे उत्तरदायित्वाची चर्चा टक्केवारीने सुरू होते आणि शिक्षकाला मागितलेल्या खुलाशावर संपते. वरच्या पायरीवर बसलेल्यांनी काय पाहायला हवे होते, काय द्यायला हवे होते, हा प्रश्न दुर्घटना घडल्यावरच विचारला जातो. तो वर्षाच्या सुरुवातीला, शांतपणे, लेखी विचारला गेला पाहिजे.

गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि लवकरच या खुर्च्यांवर बसणारे मुख्याध्यापक यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातली मुख्य सूचना एकच: शाळेला उद्दिष्ट देताना त्याच कागदावर आपण स्वतः काय करणार, हेही तारखेनिशी लिहा. पुढच्या सगळ्या सूचना तिच्यातूनच निघतात.

उद्दिष्टे मोजकी ठेवा

उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन ही कल्पना पीटर ड्रकर यांनी 1954 मध्ये आपल्या पुस्तकात मांडली. तिथे उद्दिष्टांच्या जोडीला त्यांनी आत्मनियंत्रण घातले होते. काम करणाऱ्याला आपले उद्दिष्ट माहीत असावे, ते ठरवण्यात त्याचा हात असावा आणि आपण कुठवर आलो हे त्याला स्वतःला मोजता यावे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारी कार्यालयात पोचेपर्यंत यातला आकडा टिकला आणि बाकीचे बरेचसे गळून गेले.

एका वर्षात शाळेपुढे तीनपेक्षा जास्त उद्दिष्टे ठेवू नका: एक शिकण्याचे, एक हजेरीचे आणि एक त्या शाळेची खास गरज असेल त्याचे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या गावात दिवाळीनंतर पट कसा टिकवायचा, हे तिसरे उद्दिष्ट असू शकते. सीमाभागातल्या किंवा पाड्यावरच्या शाळेत घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांतले अंतर कमी करणे हे असू शकते. सगळ्या शाळांना एकच तिसरे उद्दिष्ट देण्याचा मोह टाळा. ते शाळेने ठरवावे आणि शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडावे. शिक्षण हक्क कायद्यात शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम समितीकडेच दिले आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तो आराखडा नुसता दप्तराला लावण्यासाठी नसतो.

शिकण्याचे उद्दिष्ट नव्याने शोधायची गरज नाही. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने 2026-27 पर्यंतची दिशा ठरवून दिली आहे. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात. तमिळनाडूने जून 2022 मध्ये ‘एण्णुम एळुत्तुम’ ही योजना पहिली ते तिसरीसाठी सुरू केली आणि आठ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला 2025 पर्यंत वाचता-मोजता यावे, असे ठरवले. तिथे मुलांचे अरुंबु, मोट्टु आणि मलर असे तीन गट आहेत. जे मूल ज्या पायरीवर आहे, तिथून त्याला पुढे न्यायचे. दोन्हीकडचा चांगला भाग असा की उद्दिष्ट मुलाबद्दल बोलते. किती प्रशिक्षणे झाली, किती फोटो ग्रुपवर आले, किती लिंक भरल्या, हे त्यात येत नाही.

एक उद्दिष्ट लिहून पाहू

आपल्या कार्यालयांतून निघणारे नेहमीचे वाक्य असे असते: ‘केंद्रातील सर्व शाळांनी मार्चअखेर 100 टक्के विद्यार्थी वाचनात प्रगत करावेत. हयगय केल्यास प्रशासकीय कारवाई करण्यात येईल.’

हे वाचून मुख्याध्यापकाला सोमवारी सकाळी काय करायचे ते कळत नाही. आज किती मुले कुठे आहेत याचा त्यात पत्ता नाही, प्रगत म्हणजे काय ते नाही आणि पत्र पाठवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी नाही. आता तेच असे लिहू. नमुन्यादाखल एक द्विशिक्षकी शाळा घ्या.

‘तिसरीत 14 मुले आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी परिच्छेद वाचायला दिला, तेव्हा 5 मुलांनी तो समजून वाचला, 6 मुले शब्दांवर अडली आणि 3 मुले अक्षरांवर. डिसेंबरअखेर अक्षरांवरचे एकही मूल उरणार नाही आणि किमान 10 मुले परिच्छेद वाचतील. मार्चअखेर 13 मुले वाचतील. एका मुलाला दिसण्याचा त्रास आहे असे वाटते, त्याची तपासणी झाल्यावर त्याचे वेगळे ठरवू.

‘शाळा रोज पहिला तास वाचनाला देईल. केंद्रप्रमुख ऑगस्टपासून दर महिन्याला एकदा येऊन किमान एक तास वर्गात बसतील आणि शब्दांवर अडलेल्या सहा मुलांचे वाचन स्वतः ऐकतील. गट कार्यालय 31 जुलैपर्यंत गोष्टींच्या पुस्तकांचा संच देईल, ऑगस्टमध्ये त्या मुलाची नेत्रतपासणी करून घेईल आणि सकाळच्या पहिल्या तासात शाळेकडून कोणतीही माहिती मागवणार नाही.’

खाली तीन सह्या: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. कागदाच्या तीन प्रती. मार्चमध्ये बसाल तेव्हा तिघांनीही आपापली ओळ वाचून दाखवायची. पुस्तके ऑक्टोबरात आली असतील तर तेही तिथेच बोलले जाईल. अशा कागदावर शिक्षकाशी ताठ मानेने बोलता येते, कारण आपली बाजू आधी उघडी केलेली असते.

या नमुन्यात 14 पैकी 13 म्हटले आहे, 100 टक्के म्हटलेले नाही. पहिल्याच दिवशी अशक्य आकडा दिला की प्रामाणिक माणूसही शेवटी कागदावर तो आकडा गाठतो. पुढची अडचण तीच आहे.

आकडा खरा राहील अशी व्यवस्था करा

महाराष्ट्रात 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी हे काम केले होते, तोच प्रयोग राज्याने उचलला. हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीला आली. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, तुकड्या टिकतात, अनुदान मिळते. ज्या आकड्यावर एवढे सगळे अवलंबून आहे आणि जो आकडा लाभ घेणाराच भरून देतो, तो फुगणारच.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हेच परीक्षेच्या गुणांबाबत घडले. तिथल्या शाळाप्रमुखांवर वाढत्या गुणांचे उद्दिष्ट होते, ते गाठणाऱ्यांना बक्षीस आणि चुकणाऱ्यांना नोकरीची भीती होती. तिथल्या शाळांच्या अधीक्षकांना 2009 मध्ये देशातल्या सर्वोत्तम अधीक्षकाचा सन्मान मिळाला. 2011 च्या राज्यस्तरीय चौकशीत तपासलेल्या 56 शाळांपैकी 44 शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे आढळले. 178 शिक्षक आणि मुख्याध्यापकांची नावे त्यात आली आणि 2015 मध्ये 11 जण दोषी ठरले. जी मुले कच्ची होती ती कागदावर पक्की झाली आणि त्यांना मिळायला हवी होती ती मदत मिळालीच नाही. खोट्या आकड्याची किंमत शेवटी मूल मोजते. म्हणून हा विषय नुसत्या शिस्तीचा नाही.

तुमच्या हातात असलेले चार उपाय सांगतो.

पहिला, जुलैची पहिली पडताळणी कुणाच्याही गोपनीय अहवालाशी जोडू नका आणि तसे सभेत स्पष्ट सांगा. आरंभीचा आकडा कमी निघाला तर शिक्षकाला शिक्षा नाही, हे कळले की तो खरा आकडा देतो.

दुसरा, डिसेंबर आणि मार्चची पडताळणी दुसऱ्या केंद्रातल्या शिक्षकांकडून करून घ्या. सगळ्या मुलांची नको. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक वर्गातली पाच मुले पुरतात.

तिसरा, शाळेने दिलेला आकडा आणि पडताळणीतला आकडा यांत फरक आला तर आधी एकत्र बसा. पुष्कळदा फरक मोजण्याच्या पद्धतीतला असतो. पाठ झालेला धडा म्हणून दाखवणे आणि अनोळखी मजकूर वाचणे यांत मोठे अंतर आहे.

चौथा, स्वतःहून आकडा खाली दुरुस्त करणाऱ्या मुख्याध्यापकाचे शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर कौतुक करा. एकदा असे झाले की पुढच्या महिन्यात आणखी दोघे खरे बोलतात.

भेट द्यायची ती मुलांना

महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शाळा तपासणीवर नेमके बोट ठेवले होते. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग होत नाही, तपासणी निदान तिमाही व्हावी आणि आगाऊ सूचना न देताही अधिकाऱ्यांनी शाळेत जावे, असे त्यांनी सुचवले. मुलांच्या निकालावर अनुदान ठरवण्याची त्या काळातली पद्धत गरीब, शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजात शिक्षण पसरवायला योग्य नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितले. देखरेख वाढवा, पण निकालाला पैसा बांधू नका, ही त्यांची भूमिका आजही उपयोगी पडते.

भेटी दोन प्रकारच्या ठेवा. सूचना न देता द्यायची भेट हजेरी, पोषण आहार, पाणी, स्वच्छतागृह आणि सुरक्षितता यांसाठी. ती अर्ध्या तासात उरकते. सांगून द्यायची भेट वर्गातल्या शिकण्यासाठी. तिला दोन तास लागतात आणि तिथे तुम्ही मदतनीस असता. दोन्हींची सरमिसळ झाली की शिक्षक तुम्हाला पाहून दप्तर शोधायला लागतो आणि वर्ग तसाच राहतो.

सांगून दिलेल्या भेटीत कार्यालयात बसू नका, चहाही नंतर घ्या. मुलांच्या रांगेत, त्यांच्याच सतरंजीवर बसा. मागच्या बाजूच्या मुलापासून सुरुवात करा, कारण हुशार मुले पुढे बसवलेली असतात. त्याला पाठ्यपुस्तकाबाहेरची चार-पाच ओळींची गोष्ट द्या. ते अडखळले तर शब्द सांगू नका, थोडे थांबा. वाचून झाल्यावर ‘मग पुढे काय झालं असेल?’ एवढेच विचारा. अक्षरे जुळवणारे मूल इथे गप्प राहते आणि समजून वाचणारे बोलायला लागते. अशी पाच मुले ऐकली की वर्गाची स्थिती कुठल्याही एक्सेल शीटपेक्षा चांगली कळते.

मग शेरेबुक. ‘शाळेस भेट दिली. अध्यापन समाधानकारक. शैक्षणिक दर्जा उंचवावा.’ असा शेरा कुणाच्याही उपयोगाचा नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा: काय पाहिले, शाळा पुढच्या भेटीपर्यंत काय करणार, आणि मी काय करणार. पुढच्या भेटीत सर्वप्रथम स्वतःचाच मागचा शेरा उघडून तिसरी ओळ वाचा.

अशी देखरेख प्रत्यक्षात होऊ शकते. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात या बीटचे उदाहरण गावोगाव पोचले. एका विस्तार अधिकाऱ्याच्या पदाला जेवढे अधिकार असतात, तेवढ्यातच ते झाले.

जे टक्क्यांत मोजायचे नाही

काही बाबींना सरासरी चालत नाही. तालुक्यातल्या 95 टक्के शाळा सुरक्षित आहेत, हे वाक्य अहवालात बरे दिसते, पण उरलेल्या शाळांतही मुले बसतात. कुंभकोणमच्या आगीचा उल्लेख करून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2009 मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असे त्यात म्हटले आहे. आग विझवण्याची साधने, ती वापरण्याचे प्रशिक्षण आणि इमारतींच्या सुरक्षिततेची खातरजमा हे सगळे त्या निकालात आहे.

म्हणून सुरक्षिततेची यादी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तरांची ठेवा. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे आहे का? गॅसची नळी बदलली आहे का? बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत का आणि शाळेच्या वेळेत त्यांना कुलूप नसते ना? धोकादायक वर्गखोली खरोखर बंद केली आहे, की तिथे पावसाळ्यात मुले बसतात? लोंबणारी वीजतार, उघडी विहीर, कमकुवत कुंपणभिंत आहे का? अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे का आणि ते चालवता कुणाला येते?

उत्तर धोक्याचे आले की त्याच दिवशी लेखी कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत मुलांना तिथून हलवा. निधी यायला वेळ लागेल, मुले हलवायला निधी लागत नाही. ही यादी तपासून सही करणारा अधिकारी स्वतः त्या जागेवर जाऊन आलेला असला पाहिजे. मुख्याध्यापकाने भरून दिलेल्या कागदावर कार्यालयात बसून सही करू नका.

मासिक बैठक अशी घ्या

आढावा बैठकीत बहुतेक वेळ परिपत्रके वाचण्यात आणि माहिती प्रलंबित असलेल्या शाळांची नावे घेण्यात जातो. परिपत्रके आधीच पाठवा. दोन तासांची बैठक असेल तर पहिली पंधरा मिनिटे तुमची स्वतःची: मागच्या महिन्यात कार्यालयाने काय कबूल केले होते, त्यातले काय झाले, काय राहिले. पुढचा तासभर दोन शाळांना द्या, एक पुढे गेलेली आणि एक अडलेली. अडलेल्या शाळेला जाब विचारायला उभे करायचे नाही. तिच्या मुख्याध्यापकांनी अडचण मांडावी आणि बाकीच्यांनी उपाय सुचवावेत. शेवटची वेळ पुढच्या महिन्याच्या कामांना, प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख.

उद्दिष्ट हुकले तर

कारण कुणाच्या हातातले होते, हे आधी ठरवा. वाचनाचा तास झालाच नाही, तर शिक्षकाशी बोला. तास झाला पण पद्धत चुकली, तर ते केंद्रप्रमुखाच्या वर्गभेटींचे अपयश आहे. एक शिक्षक चार महिने कामगिरीवर दुसरीकडे होता आणि बदली कुणी दिला नाही, तर उत्तर गट कार्यालयाने द्यायचे. पद वर्षभर रिक्त राहिले, तर जिल्ह्याने. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक लावता येत नाहीत. तुमच्या तालुक्यात त्यापलीकडची कामे लावली जात असतील तर त्यांचे दिवस मोजा आणि तो हिशेब वर पाठवा. खालून आकडे मागणाऱ्याने वर आकडे पाठवण्याचे धैर्यही दाखवले पाहिजे.

आणि खरोखर हयगय असेल, मूल वाऱ्यावर सोडले असेल, तर मागे हटू नका. बोलणे, लेखी समज, मदत, मुदत आणि मग रीतसर कारवाई, हा क्रम पाळा आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवा. कामचुकाराला पाठीशी घातले तर शेजारच्या वर्गात मन लावून शिकवणाऱ्यावर अन्याय होतो.

एका केंद्रापासून

कुंभकोणममध्ये 1828 मध्ये जन्मलेले, तंजावरच्या मराठी समाजातले टी. माधवराव 1875 मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभाराचे पाठ दिले. पुढे सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांत सुरू केले आणि 1906 मध्ये राज्यभर नेले. राजाच्या हाती हुकूम असूनही त्यांनी आधी लहान जागी करून पाहिले. तुम्हीही सगळा तालुका एकदम घेऊ नका. या वर्षी एक केंद्र निवडा, तिथल्या मुख्याध्यापकांना बोलवा आणि वरच्यासारखा तीन सह्यांचा कागद प्रत्येक शाळेसाठी तयार करा. शाळेने काय करायचे हा भाग लिहायला सोपा जाईल. आपण काय करणार, या ओळीपाशी पेन थांबेल. तिथे थोडा वेळ घ्या, जमेल तेवढेच लिहा आणि लिहिलेले पाळा. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रातले मुख्याध्यापक हाच कागद आपणहून मागायला आले, तर पद्धत रुजली असे समजा.